‘वॉज’ की ‘वेअर’, ‘टेक्स’ की ‘टेक’: इंग्रजीतली सब्जंक्टिव्ह रूपं मराठीच्या आधाराने कशी निवडावीत

प्रश्न असा आहे: ‘इफ आय वॉज यू’ म्हणायचं की ‘इफ आय वेअर यू’? ‘द डॉक्टर रेकमेंडेड दॅट ही टेक रेस्ट’ या वाक्यात कर्ता ‘ही’ असूनही ‘टेक्स’ का होत नाही? आणि आधी ‘रेकमेंडेड’ असा भूतकाळ आलाय, तर पुढे ‘टुक’ तरी का नाही?

याचे नियम घोकू नका. मराठी बोलणाऱ्याला यातलं बरंचसं आधीच येतं. आपल्या व्याकरणात क्रियापदाचे चार अर्थ सांगतात: स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ आणि संकेतार्थ. ‘तो जातो’ हा स्वार्थ, ‘त्याने जावं’ हा विध्यर्थ, ‘तो गेला असता तर’ हा संकेतार्थ. इंग्रजीतलं इंडिकेटिव्ह म्हणजे साधारण आपला स्वार्थ. सब्जंक्टिव्ह या एकाच नावाखाली मात्र तिथे दोन निराळ्या गोष्टी कोंबल्या आहेत. एक आपल्या विध्यर्थाजवळची, दुसरी संकेतार्थाजवळची. दोन्ही एकाच धड्यात शिकवल्या जातात आणि गोंधळ तिथेच सुरू होतो. त्यामुळे पहिलं काम म्हणजे या दोन्ही मनात वेगळ्या ठेवणं. दुसरं काम म्हणजे मराठीचा हा आधार नेमका कुठे दगा देतो ते माहीत करून घेणं, कारण चांगलं इंग्रजी लिहिणारेही तिथेच घसरतात.

आधी विध्यर्थाजवळचा प्रकार घेऊ. कुणीतरी मागणी करतं, सुचवतं, अट घालतं, ठराव मांडतं आणि त्यापुढे ‘दॅट’ने जोडलेलं वाक्य येतं. त्या वाक्यातलं क्रियापद मूळ रूपात ठेवायचं. त्याला ना ‘एस’ लागतो, ना भूतकाळ. मराठीत त्या जागी ‘-आवा, -आवी, -आवं’ येतं. ‘डॉक्टरांनी त्याने विश्रांती घ्यावी असं सांगितलं.’ इथे ‘घ्यावी’ला स्वतःचा काळ नाही. सांगणं काल झालं की उद्या होणार आहे, याने ‘घ्यावी’ बदलत नाही. इंग्रजीतलं ‘टेक’ही तसंच आहे, म्हणून ‘रेकमेंड्स दॅट ही टेक’, ‘रेकमेंडेड दॅट ही टेक’ आणि ‘विल रेकमेंड दॅट ही टेक’ या तिन्हींत ‘टेक’ जागचं हलत नाही.

हा फरक डोळ्यांना दिसतो तो थोड्याच ठिकाणी. जुन्या इंग्रजीत सब्जंक्टिव्हला स्वतंत्र प्रत्यय होते. पुढच्या शतकांत ते झिजून गेले आणि बहुतेक रूपं इंडिकेटिव्हसारखीच दिसू लागली. ‘आय सजेस्ट दॅट दे लीव्ह अर्ली’ यातलं ‘लीव्ह’ कुठलं, हे विचारण्यात अर्थ नाही, दोन्हीकडे रूप तेच. निवड करावी लागते ती चार ठिकाणी: कर्ता तृतीयपुरुषी एकवचनी असेल तेव्हा, क्रियापद ‘बी’ असेल तेव्हा, वाक्यात नकार असेल तेव्हा आणि मुख्य क्रियापद भूतकाळी असेल तेव्हा. या चार जागा सोडून इतरत्र अडखळायचं कारण नाही.

नकाराकडे नीट पाहा, कारण इथे मराठी फार नेमकी मदत करते. स्वार्थात आपण ‘सही करत नाही’ म्हणतो, विध्यर्थात नकार पार बदलतो: ‘सही करू नये’. इंग्रजीतही तसाच बदल होतो. ‘ही डझन्ट साइन’ हा स्वार्थ, आणि ‘द लॉयर अ‍ॅडव्हाइज्ड दॅट ही नॉट साइन’ हा विध्यर्थ. ‘डू’ला इथे जागाच नाही. ‘नॉट’ थेट मूळ क्रियापदाच्या आधी येतं. मराठीत ‘नये’ म्हणावंसं वाटलं, की इंग्रजीत ‘डझन्ट’, ‘डोन्ट’, ‘डिडन्ट’ तिन्ही खोडायची. ‘बी’चंही तसंच: ‘दॅट द फाइल नॉट बी रिमूव्ह्ड’. इथे ‘नॉट’ आधी आणि ‘बी’ नंतर. ‘बी नॉट रिमूव्ह्ड’ असं सर्रास लिहिलं जातं, पण आजच्या इंग्रजीत ते अवघडलेलं वाटतं.

कंपनी सेक्रेटरीच्या टेबलावरून जाणारं एक वाक्य जवळून पाहण्यासारखं आहे. संचालक मंडळाचा ठराव असा सुरू होतो: ‘रिझॉल्व्ह्ड दॅट द कन्सेंट ऑफ द बोर्ड बी अँड इज हिअरबाय अकॉर्डेड’. यातलं ‘बी अँड इज’ अनेकांना निरर्थक द्विरुक्ती वाटते. प्रत्यक्षात तिथे दोन्ही अर्थ शेजारी शेजारी उभे आहेत. ‘बी’ म्हणजे ‘संमती दिली जावी’, हा ठरावाचा विध्यर्थ. ‘इज हिअरबाय’ म्हणजे ‘याद्वारे दिली जात आहे’, हा स्वार्थ. दोघा अधिकाऱ्यांना मिळून अधिकार देताना ‘बी अँड इज हिअरबाय ऑथराइज्ड’ असं छापलेलं दिसतं, ते चूक. तिथे ‘बी अँड आर’ हवं. वचनाप्रमाणे बदलतं ते फक्त स्वार्थाचं रूप, ‘बी’ दोन्ही वचनांत ‘बी’च. कोर्टातल्या अर्जाच्या शेवटी येणाऱ्या मागण्याही याच साच्यातल्या असतात: ‘दॅट द रिस्पॉन्डन्ट बी डिरेक्टेड टू पे’. हाउसिंग सोसायटीच्या सभेचं इतिवृत्त लिहिणाऱ्यालाही ‘मूव्ह्ड दॅट द मीटिंग बी अ‍ॅडजर्न्ड’ हेच लागतं.

कोणत्या शब्दांनंतर हे रूप येतं? क्रियापदांत ‘डिमांड’, ‘इन्सिस्ट’, ‘सजेस्ट’, ‘रेकमेंड’, ‘प्रपोज’, ‘रिक्वेस्ट’, ‘रिक्वायर’, ‘ऑर्डर’, ‘अर्ज’ (इंग्रजीतलं, म्हणजे आग्रहाने सांगणं), ‘आस्क’, ‘स्टिप्युलेट’. विशेषणांत ‘इसेन्शियल’, ‘नेसेसरी’, ‘व्हायटल’, ‘इम्परेटिव्ह’, ‘मँडेटरी’. याच अर्थाच्या नामांनंतरही तेच: ‘द रिक्वायरमेंट दॅट एव्हरी मेंबर बी प्रेझेंट’, ‘ऑन कंडिशन दॅट ही रिटर्न द मनी’. पण यादीपेक्षा अर्थावर भर द्या, कारण यातले दोन शब्द दुतोंडी आहेत.

‘इन्सिस्ट’ घ्या. ‘शी इन्सिस्टेड दॅट ही वॉज इन द रूम’ म्हणजे तो खोलीत होता असं तिने ठासून सांगितलं. ‘शी इन्सिस्टेड दॅट ही बी इन द रूम’ म्हणजे त्याने खोलीत असावं असा आग्रह तिने धरला. पहिलं विधान आहे, दुसरी मागणी. पोलिसांच्या जबाबात किंवा चौकशी अहवालात हा फरक चुकला, तर साक्षीचा अर्थच उलटा होतो. ‘सजेस्ट’चंही तसंच. ‘द रिपोर्ट सजेस्ट्स दॅट द व्हॉल्व्ह वॉज क्लोज्ड’ म्हणजे व्हॉल्व्ह बंद होता असं अहवालावरून दिसतं. ‘द रिपोर्ट सजेस्ट्स दॅट द व्हॉल्व्ह बी क्लोज्ड’ म्हणजे तो बंद करावा अशी सूचना आहे. ‘इम्पॉर्टंट’ या विशेषणातही हाच पेच आहे. ‘इट इज इम्पॉर्टंट दॅट शी इज अ डॉक्टर’ यात ती डॉक्टर आहेच, आणि ती गोष्ट महत्त्वाची. ‘दॅट शी बी अ डॉक्टर’ असं लिहिलंत की ती पात्रतेची अट झाली.

आता मराठीचा आधार पहिल्यांदा निसटतो ती जागा. आपल्या जाहिरातींत ‘उमेदवार पदवीधर असणे आवश्यक आहे’ असं असतं. ‘असणे’वरून वस्तुस्थिती की अट, हे ठरत नाही. अशा वेळी ‘असणे’ काढून ‘असावा’ घालून बघा. वाक्य चाललं तर ‘बी’, आणि ‘आहे हे’ घालूनच अर्थ लागत असेल तर ‘इज’.

दुसरी जागा उलट बाजूची आहे. ‘तो घरी असावा’ याचा अर्थ बहुतेक वेळा अट नसून अंदाज असतो. इंग्रजीत हा अंदाज ‘ही मस्ट बी अ‍ॅट होम’ किंवा ‘ही इज प्रॉबब्ली अ‍ॅट होम’ असा जातो. ‘आय थिंक दॅट ही बी अ‍ॅट होम’ हे चूकच. म्हणून ‘-आवा’ दिसला की लगेच ‘बी’ लावू नका. आधी विचारा, इथे कुणी कुणाला काही करायला लावतंय का?

तिसरी जागा सगळ्यांत जास्त चुका घडवते. ‘त्याने यावं असं मला वाटतं’ याचं ‘आय वॉन्ट दॅट ही कम’ होत नाही, ‘कम्स’ तर नाहीच. ‘वॉन्ट’ ‘दॅट’ घेत नाही: ‘आय वॉन्ट हिम टू कम’. याच्या बरोबर उलट ‘सजेस्ट’, ‘इन्सिस्ट’, ‘डिमांड’ आणि ‘प्रपोज’ यांच्यापुढे माणूस आणि ‘टू’ येत नाहीत. ‘ही सजेस्टेड मी टू अप्लाय’ हे आपल्याकडच्या ईमेलांत रोज दिसतं. बरोबर रूप ‘ही सजेस्टेड दॅट आय अप्लाय’. ‘आस्क’, ‘रिक्वेस्ट’, ‘अर्ज’, ‘ऑर्डर’, ‘रिक्वायर’, ‘अ‍ॅडव्हाइज’ यांना मात्र दोन्ही रचना चालतात. बोलण्यात ‘आय आस्क्ड हर टू वेट’ हीच सहज वाटते.

चौथी जागा ‘एन्शुअर’ची. ‘फॉर्मवर सही असावी याची काळजी घ्या’ यात ‘असावी’ आहे, मागणीही आहे, तरी इंग्रजीत ‘प्लीज एन्शुअर दॅट द फॉर्म इज साइन्ड’. ‘एन्शुअर’, ‘मेक शुअर’, ‘होप’, ‘एक्स्पेक्ट’ यांच्यानंतर स्वार्थच येतो. सब्जंक्टिव्ह नवीन शिकलेला माणूस उत्साहाने ‘एन्शुअर दॅट इट बी साइन्ड’ लिहितो. ते टाळा.

सरकारी पत्रव्यवहारात ‘इट इज रिक्वेस्टेड दॅट द लीव्ह मे बी ग्रँटेड’ हा साचा रूढ आहे. तो चुकीचा नाही, फक्त जुन्या कचेरीच्या वळणाचा आहे. ‘दॅट द लीव्ह बी ग्रँटेड’ पुरेसं आणि तितकंच विनम्र. ‘दॅट द लीव्ह इज ग्रँटेड’ मात्र लिहू नका. वाचणाऱ्याला रजा आधीच मंजूर झाल्यासारखं वाटेल.

अमेरिका आणि ब्रिटन यांच्यातला फरक इथेच सांगतो. अमेरिकन लिखाणात हे मूळ रूप ठाम रुजलेलं आहे. ब्रिटिश इंग्रजीत ‘सजेस्टेड दॅट ही शुड रेस्ट’ हा पर्याय तितकाच चालतो, आणि ‘सजेस्टेड दॅट ही रेस्टेड’ असंही ऐकू येतं. आपण शाळेत ब्रिटिश वळणाचं इंग्रजी शिकतो, त्यामुळे ‘शुड’ आपल्या हाताला सवयीचं असतं. ते परक्या जागी लिहिलंत तरी कुणी लाल खूण करणार नाही, पण अमेरिकन वाचकाला ते किंचित अनोळखी वाटेल. मूळ रूप दोन्हीकडे बरोबर मानतात. म्हणून ठराव, करार, अर्ज, शोधनिबंध यांत मूळ रूपच वापरा, हा माझा आग्रह आहे. बोलताना एवढं कडक राहायची गरज नाही.

आता संकेतार्थाजवळचा प्रकार, म्हणजे ‘इफ’चं राज्य. (पुढे ‘वेअर’ म्हणजे सर्वत्र ‘वॉज’चा जोडीदार, ‘कुठे’ नव्हे.)

इथे मराठीतली कसोटी एका शब्दावर उभी आहे: ‘असेल’ की ‘असता’? ‘तो काल ऑफिसला आला असेल, तर त्याने नोटीस वाचली असेल.’ आला की नाही ते मला ठाऊक नाही, दार उघडं आहे. इंग्रजीत स्वार्थ: ‘इफ ही वॉज इन द ऑफिस यस्टरडे, ही मस्ट हॅव सीन द नोटिस’. ‘तो आला असता, तर त्याने नोटीस वाचली असती.’ तो आलाच नाही हे ठाऊक आहे, दार बंद. इथे ‘इफ ही हॅड कम, ही वुड हॅव सीन द नोटिस’. पहिल्या वाक्यात ‘वॉज’ शंभर टक्के बरोबर आहे. ‘इफ’ दिसलं की ‘वेअर’ घालायचं असा समज असलेले लोक तिथे ‘इफ ही वेअर इन द ऑफिस यस्टरडे’ लिहितात आणि बरोबर वाक्य बिघडवतात. ‘इफ आय वॉज रूड, आय अपॉलजाइज’ हेही तसंच. मी उद्धट वागलो असेन, तर माफी मागतो. ‘वेअर’ घातलंत तर माफी मागायचं कारणच उरत नाही.

पण ‘असता’ आलं तरी एक प्रश्न उरतो, आणि मराठी त्याचं उत्तर देत नाही. ‘मला माहीत असतं, तर सांगितलं असतं.’ हे आत्ताबद्दल आहे की कालबद्दल? मराठीत दोन्हींना हेच वाक्य चालतं. संदर्भावरून ऐकणारा ओळखतो. इंग्रजीत हे फोडावंच लागतं. आत्ता माहीत नाही, म्हणून सांगत नाही: ‘इफ आय न्यू, आय वुड टेल यू’. तेव्हा माहीत नव्हतं, म्हणून सांगितलं नाही: ‘इफ आय हॅड नोन, आय वुड हॅव टोल्ड यू’. ‘वेअर’ फक्त पहिल्या घरातलं. ते वर्तमानातल्या किंवा पुढच्या काल्पनिक गोष्टीसाठी असतं. कालच्या काल्पनिक गोष्टीला ‘हॅड बीन’ लागतं. म्हणजे ‘इफ’च्या वाक्यात दोन प्रश्न ओळीने विचारायचे: गोष्ट शक्य आहे की नाही? आणि नसेल, तर ती आजची की मागची?

मराठीतला भूतकाळही इथे चकवतो. ‘पाऊस आला तर सामना रद्द होईल’ यात ‘आला’ आहे, पण पाऊस पुढे येणार आहे आणि तो येऊही शकतो. म्हणून ‘इफ इट रेन्स, द मॅच विल बी कॅन्सल्ड’. ‘आला’ पाहून ‘रेन्ड’ लिहिलंत, तर पाऊस येण्याची शक्यता तुम्हाला अगदी कमी वाटते असा अर्थ निघेल. ‘इफ इट विल रेन’ तर नकोच. तसंच ‘इफ’च्या बाजूला ‘वुड’ घालू नका. ‘इफ आय वुड हॅव नोन’ अमेरिकेत बोलण्यात ऐकू येतं, पण लिखाणात ते चूक धरतात. ‘वुड’ची जागा ‘तर’नंतरच्या वाक्यात.

एकवचनी ‘इफ ही वॉज रिच’ की ‘इफ ही वेअर रिच’, या जुन्या वादाबद्दल: बोलण्यात दोन्ही चालतात, आणि चांगले लेखकही ‘वॉज’ वापरतात. लिहिताना, परीक्षेत, मुलाखतीत ‘वेअर’ ठेवा. तीन ठिकाणी मात्र पर्याय समजूच नका. ‘इफ आय वेअर यू’ हा ठरलेला प्रयोग आहे. ‘इफ’ काढून क्रियापद पुढे आणलं तर फक्त ‘वेअर’ चालतं: ‘वेअर ही रिच’. त्या जागी ‘वॉज ही रिच’ म्हटलं तर तो सरळ प्रश्न होतो. ‘इफ द बँक वेअर टू रिफ्यूज’ या औपचारिक रचनेतही ‘वेअर’च शोभतं. उलटवलेल्या वाक्यात ‘नॉट’ जोडून लिहायचा नाही: ‘हॅड इट नॉट बीन फॉर द गार्ड’ बरोबर, ‘हॅडन्ट इट बीन’ नाही.

‘इफ’चा एक अर्थ ‘का’ असाही आहे. ‘शी आस्क्ड इफ ही वॉज अ‍ॅट होम’, म्हणजे तो घरी आहे का असं तिने विचारलं. इथे अट नाहीच, त्यामुळे ‘वेअर’चा प्रश्न येत नाही. ‘इफ’च्या जागी ‘व्हेदर’ घालून वाक्य चाललं, की ‘वॉज’ ठेवा आणि पुढे चला.

‘विश’ला आपल्याकडे फार छळलं जातं. ‘आय विश यू विल पास’ असं लिहितात. ‘विश’पुढचं वाक्य न घडणाऱ्या गोष्टीचं असतं: ‘आय विश आय कुड सिंग’, ‘आय विश आय वेअर टॉलर’, आणि मागच्यासाठी ‘आय विश आय हॅड आस्क्ड’. घडू शकणारी सदिच्छा ‘होप’ने द्यायची आणि तिथे स्वार्थ: ‘आय होप यू पास’. ‘विश’ वापरायचंच असेल, तर पुढे नाम ठेवा: ‘आय विश यू सक्सेस’.

‘अ‍ॅज इफ’मध्ये मराठी पुन्हा दगा देते. ‘असा बोलतो जणू घर त्याचंच आहे’ यात आपण सरळ ‘आहे’ म्हणतो. इंग्रजीत, गोष्ट खोटी असेल तर, ‘अ‍ॅज इफ ही ओन्ड द हाउस’ किंवा ‘अ‍ॅज इफ द हाउस वेअर हिज’. गोष्ट खरी ठरण्याची शक्यता असेल, तर स्वार्थ: ‘इट लुक्स अ‍ॅज इफ इट इज गोइंग टू रेन’.

‘इट्स टाइम’ आणि ‘वुड रादर’ यांच्यापुढे भूतकाळी रूप येतं, अर्थ मात्र आत्ताचा: ‘इट्स टाइम वी लेफ्ट’, ‘आय वुड रादर यू केम टुमॉरो’. ‘इट्स टाइम ही वॉज इन बेड’ यात ‘वॉज’च रूढ आहे. सगळीकडे ‘वेअर’ लावायची सवय लागली असेल, तर इथे हात आवरा.

स्वतःचा मजकूर तपासताना मागणीच्या शब्दापुढचा प्रत्येक ‘दॅट’ शोधा आणि त्यापुढचं क्रियापद बघा. मग प्रत्येक ‘इफ’वर थांबून ते वाक्य मराठीत मनात म्हणा. ‘असेल’ आलं तर स्वार्थ ठेवा, ‘असता’ आलं तर आजचं की मागचं ते ठरवा. संगणकाने ‘दॅट ही लीव्ह’खाली रेघ मारली, तरी ती मुकाट्याने मान्य करू नका.

शेवटी काही गोठलेले प्रयोग. ‘कम व्हॉट मे’, ‘बी दॅट अ‍ॅज इट मे’, ‘फार बी इट फ्रॉम मी’, ‘सफाइस इट टू से’, ‘इफ नीड बी’, ‘सो बी इट’. हे जसेच्या तसे पाठ करा, त्यांच्या धर्तीवर नवीन वाक्यं घडवू नका. एक मात्र रोजच्या कामाचा आहे: ‘लेस्ट’. ‘ही हेल्ड द रेल लेस्ट ही फॉल’, पडू नये म्हणून त्याने कठडा धरला. ‘फॉल’ किंवा ‘शुड फॉल’ दोन्ही चालतं, मुख्य वाक्य भूतकाळात असलं तरी. मराठीतल्या ‘नये’मुळे तिथे ‘नॉट’ घालायचा मोह होतो. घालू नका, ‘लेस्ट’मध्ये नकार आधीच आहे.